तान्हुबाईकडं अडकलेलं ताट

बसा, बसा मंडळी! पुढं सरका थोडं, मागच्या माऊल्यांना जागा द्या. आज वसुबारस! मला ठाऊक आहे, अर्ध्या जणी देहानं देवळात आहेत आणि मनानं घरी, चकलीच्या भाजणीपाशी! असू द्या. आजचं आख्यानच फराळाचं आहे. मन तिकडं गेलं तरी विठोबा रागवायचा नाही!

तर ऐका. आधी एक प्रश्न. शेजारणीकडून फराळाचं ताट आलं, तर तुम्ही ते रिकामं परत करता का?

— नाही! बघा, सगळ्या जणी एका सुरात! पेटीवाले, असा सूर तुम्हाला तरी लागतो का? रिकामं ताट परत करायचं नाही. लाडू घालायचा, करंजी घालायची, काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची. फार गोड रीत आहे हो! पण मला सांगा, ज्या घरात साखरेचा डबासुद्धा पालथा पडलाय, त्या घरच्या बाईनं त्या ताटाचं काय करायचं? बोला की! आता का गप्प?

पिंपळदरी नावाचं गाव. तिथं राहायच्या भामाकाकू. घरचं बरं होतं. हात सढळ, आणि आवाज हाताहून सढळ! दिवाळी आली की काकूंची पितळी ताटं निघायची, काठावर नाव घातलेली. मास्तरांकडं ताट, पोस्टमनकडं ताट, देवळातल्या गुरवाकडं ताट. द्यायचं म्हटलं की बाईला भूक लागायची नाही, झोप यायची नाही. पण कुणी तिला काही द्यायला आलं तर? "मला कशाला गं? माझ्याकडं आहे की सगळं!" घेणं ठाऊकच नाही!

फक्त एका घरचं घ्यायची. मारुतीच्या देवळामागं तान्हुबाई राहायची. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आल्या, एकाच आडावर पाणी भरलं. तान्हुबाई रोजानं शेतात जायची, एकटीच राहायची. मुलगी लांब, सासरी. पण तिच्या हातचा अनारसा? अहाहा! जाळीदार, कुरकुरीत, वर खसखस. दर दिवाळीला काकूंचं ताट तिच्याकडं जायचं, आणि अनारसे घेऊन परत यायचं.

एका वर्षी काय झालं? श्रावणात तान्हुबाई घसरून पडली, पाय मोडला. प्लॅस्टर निघालं, पण काठीशिवाय पाऊल टाकवेना. काम बुडालं. घरात तूप नाही, गूळ नाही, साखर तर नाहीच.

भामाकाकूंना हे ठाऊक होतं. आणि जीव तुटत होता हो तिचा! तिनं काय केलं, सगळ्यांत मोठं ताट काढलं. चकल्या, लाडू, शेव, करंज्या — असं भरलं की वर रुमाल बसेना! स्वतः घेऊन निघाली. आणि भर गल्लीतून, त्या तिच्या आवाजात—

"तान्हे! ए तान्हे! हे घे गं! आणि यंदा परत काही घालायच्या भानगडीत पडू नकोस हां! ताट आपलं रिकामंच दे पाठवून!"

मायेनं बोलली! तिच्या मनात काही नव्हतं. पण गल्लीतल्या चार बायकांनी ऐकलं. तान्हुबाईनं ताट घेतलं आणि दार लोटून घेतलं.

लक्ष्मीपूजन झालं. ताट नाही. पाडवा झाला. ताट नाही!

भाऊबीज उजाडली. भामाकाकूंचा भाऊ आला, पाटावर बसला, आणि म्हणाला, "भामे, अनारसे कुठायत? मी त्यासाठीच येतो!" आता आली का पंचाईत? काकूंनी त्या वर्षी स्वतःच पीठ केलं होतं. कढईत पहिला अनारसा सोडला... आणि तो हसला! पोरांनो, तुम्हाला ठाऊक नसेल, अनारसा हसला म्हणजे तुपात विरघळून गेला. दुसरा सोडला, तोही हसला. अनारसे हसतायत आणि बाई रडतेय!

सून म्हणाली, "आत्याबाई, तान्हुकाकूंना विचारू का?"

"नको गं! तिच्याकडं काय मागायचं? तिलाच काही नाही. मी जाऊन ताट तेवढं घेऊन येते."

काकू गेल्या. दार लोटलेलं. ढकललं. आणि बघतात तर काय? देवाच्या कोनाड्यापुढं ताट. वर रुमाल. रुमालाखाली चकल्या, लाडू, करंज्या, सगळं जसंच्या तसं! चुलीवर ज्वारीच्या कण्या शिजत होत्या. अहो, ऐन दिवाळीत कण्या!

"अगं तान्हे, खाल्लं नाहीस? आवडलं नाही का?"

तान्हुबाई म्हणाली, "भामे, परत काय घालू ते सुचंना. आणि परत घालता येईना, तर खाऊ कशी?"

"अगं, पण मी म्हटलं होतं की, रिकामं दे म्हणून!"

"तेच तर. परत काही घ्यायचं नाही असं आपण कुणाला देतो गं? दारात आलेल्या मागतकऱ्याला. मी तुझी मैत्रीण होते, भामे."

विठ्ठल विठ्ठल!

मंडळी, भामाकाकू उंबऱ्यावरच बसल्या. सवयीनं तोंडात आलं होतं, "पोतंभर गहू पाठवते"! पण त्या शब्दाला त्यांनी दातांत धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग खाली मान घालून म्हणाल्या,

"तान्हे, माझे अनारसे हसले."

"...सगळे?"

"सगळे! दादा येऊन बसलाय. आणि तुला सांगते, आजवर तुझेच अनारसे मी त्याला माझे म्हणून खाऊ घातले. आता तू चल, नाहीतर माझी लाज जाईल!"

तान्हुबाई बघतच राहिली. आणि मग जी हसली म्हणता! श्रावणापासून हसली नव्हती.

"गूळ किती घातलास?"

"घातला अंदाजानं."

"तुझा अंदाज! कुठलीही गोष्ट घालायची म्हटलं की तुझा हात आवरतो का कधी? माझी काठी दे."

फराळ तान्हुबाईच्या डब्यांत ओतला. रिकामं ताट काखेत धरून, तान्हुबाईला हाताशी धरून काकू निघाल्या. गल्लीतल्या त्याच चार बायका बघत होत्या. काकूंचा आवाज तोच, पण बोल बदलले, "सरका गं! माझे अनारसे बिघडलेत, तान्हीला बोलावून आणलंय!"

तान्हुबाई चुलीपुढं बसली. पिठाचा वास घेतला. थोडं कोरडं तांदळाचं पीठ मिसळलं, मळलं, थापलं, कढईत सोडलं. अनारसा राहिला! जाळी पडली! तिनं ताट भरलं आणि म्हणाली, "घे भामे, तुझं ताट. रिकामं नाही हां."

आणि भामाकाकूंनी पदर पसरला. अहो, गावभर वाटणारी बाई, तिनं पदर पसरला! डोळे भरून आले होते.

आता मला सांगा, पीठ काकूंचं, तूप काकूंचं, चूल काकूंची, ताटावर नावसुद्धा काकूंचं. मग तान्हुबाईनं दिलं काय? ... ज्याला कळलं त्याला कळलं.

नंतर तान्हुबाईनं पहिली चकली मोडली, चावली, आणि म्हणाली, "भामे, मीठ कमी पडलंय." बघा! मागतकरी असं म्हणेल का? मैत्रीणच म्हणते!

तर माऊल्यांनो, उद्यापासून तुमची ताटं निघतील. द्या, भरभरून द्या! दिवाळी त्यासाठीच आहे. पण दारातून ताट सरकवून पळू नका. उंबऱ्यावर टेका. त्या घरी काहीतरी मागा. लोणच्याची फोड मागा, दारातलं झेंडूचं फूल मागा, नाहीतर म्हणा, "काकू, माझी करंजी फुटतेय, जरा शिकवा." तुमच्या गल्लीतही कुठं तरी कोनाड्यापुढं एखादं ताट झाकून ठेवलेलं असेल. त्यातली चकली अजून कुणी मोडलेली नसेल. ती मोडायची असेल तर तुम्ही त्या घरून रिकाम्या हातानं परत येऊ नका.

म्हणा, पांडुरंग हरी!