मुदतीआधीचा दावा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील ज्येष्ठ वकील मंडळी, बाररूममधले माझे सहकारी, कारकून, टंकलेखक, समोर बसलेली माझी मावशी, आणि आजपासून कोट खुंटीला लावणारे आमचे सर, तुम्हां सर्वांना नमस्कार.

सरांबद्दल चार गोड शब्द बोल, असं मला सांगितलंय. बोलते. पण सव्वीस वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काढली आहेत, आधी थोडं मन मोकळं करू द्या.

अहो, यांना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. पक्षकाराने विचारावं, भाडेकरू घर सोडत नाही, काय करू? की सर निघाले विलायतेला. तिथले राजे, तिथले सरदार, कुणी कुणाला जमीन दिली. पक्षकार घड्याळाकडे बघतोय, मी पक्षकाराकडे. वर म्हणायचे, कायदा आज आपला असला तरी जन्मला कुठे ते कळायला हवं. डोकं उठायचं माझं. कधीच मरून गेलेल्या परक्या लोकांच्या भांडणांशी आमचा काय संबंध?

संबंध होता, आणि तो नेमका माझ्याच घरात निघाला.

माझी ही मावशी रफू करते. खिडकीशी बसून, केसाएवढ्या धाग्याने. बावीस वर्षांपूर्वी शेजाऱ्याने त्या खिडकीसमोर दोन हातांवर भिंत चढवली. भरदुपारी दिवा लावूनही तिला काळ्या कोटावर काळा धागा दिसेना. गिऱ्हाईकं परत जायला लागली. मी धावत सरांकडे गेले. त्यांनी शेजाऱ्याला हरकतीची नोटीस धाडली, फाइल कपाटात ठेवली आणि म्हणाले, थांबू या.

किती थांबायचं? चार महिने झाले. मी रोज विचारायची, सर रोज विलायतेतल्या खिडक्यांचा इतिहास काढायचे, आणि तिसऱ्या वाक्याला माझे कान बंद. घरी मावशी म्हणायची, "अगं, तू वकील ना?" शेवटी माझं टाळकं सरकलं. सर बाहेरगावी होते. वकीलपत्र त्यांच्या नावाचं होतंच. मी दावा लिहिला आणि दाखल करून मोकळी झाले.

आता तिसऱ्या वाक्यापुढे काय होतं ते ऐका. विलायतेतून आलेला नियम असा, की खिडकीला वीस वर्षं अखंड उजेड मिळाला की त्या उजेडावर हक्क बसतो. भिंत आली तेव्हा मावशीची एकोणीस वर्षं सात महिने भरली होती. पण हरकत घेतलेली असेल, तर अडथळ्याला वर्ष होईपर्यंत तो खंड धरत नाहीत, वर्षांची मोजणी चालूच राहते. म्हणजे पाच महिने गप्प बसायचं, वीस वर्षं भरू द्यायची, मग दावा लावायचा. मी तो तीन आठवडे आधी लावला.

सर, "थांब, अजून तीन आठवडे आहेत," एवढं एकच वाक्य बोलला असतात, तर तुमच्या त्या राजांचं काय बिघडणार होतं?

अध्यक्ष महोदय, तेव्हा न्यायासनावर तुम्हीच होतात. भर कोर्टात तुम्ही सरांना विचारलंत, "इतकी वर्षं वकिली करून तुम्हाला वीस मोजता येत नाही?" मी शेजारी उभी होते. सर म्हणाले, "चूक माझी आहे. दावा मागे घेतो, नव्याने लावायची परवानगी असावी." ती तुम्ही दिलीत. नवा दावा मुदत भरल्यावर लागला, भिंत उतरली, मावशी आजही त्याच खिडकीशी बसते. आणि बाहेर आल्यावर सर मला काय म्हणाले? "पुढच्या वेळी चौथं वाक्यही ऐक." बस्स.

बाररूमने मात्र त्या दिवसापासून सरांचं नाव एकोणीस पाडलं. बावीस वर्षं तुम्ही सगळे त्यांना पाठीमागे एकोणीस म्हणता. मघाशी चहाच्या वेळीही म्हणालात. मीही तुमच्याबरोबर हसत आले.

ते नाव माझं आहे, मंडळी. अध्यक्ष महोदय, हे मी त्याच दिवशी तुमच्यासमोर सांगायला हवं होतं.

बोलताना काही चुकलं असल्यास, असं शेवटी म्हणायची रीत आहे. माझं काय चुकलं ते मी तारीखवार सांगितलं आहे. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. सर, मला माफ करा.