खाट कुणाची

— खाट देऊन टाकली म्हंजे? कऱ्हाडच्या दवाखान्यातली तुज्या बायकूची, तरन्नुमची खाट कुणाला दिलीस रं, अफताब?

— मी नाही दिली, दादी. सर्व्हरनं दिली.

— त्यो सर्व्हर कुणी घडवला? तूच नव्हं? मग त्याच्यावर काय ढकलतूस!

— ऐक तरी. खाट सर्व्हरच्या ताब्यात. अँब्युलन्सच्या फोनकडं नुसती तिची खूण. फोन सारखा कळवतो, मी आहे, माझी खाट राख. आधी फोन मधेच बंद पडायचे. ‘आता खाट सोडा’ म्हणून सांगायला कुणी उरायचंच नाही. रिकाम्या खाटा अडकून राहायच्या. म्हणून मी नियम घातला: फोन गप्प झाला, की थोड्या वेळानं खाट सोडायची.

— आन् तरन्नुमची गाडी येतीया त्या कोयनेच्या घाटात रेंज असती व्हय?

— नसते.

— तुजं सासर हाय तिथं! पैल्या बाळंतपणाला बायकू म्हायेरी धाडलीस, तवा फोन लागंना म्हणून जेवला न्हाईस. इसरलास?

— मलकापुरात बसून तपासलं, दादी. हायवेवर रेंज जातच नाही.

— लग्नाच्या सैपाकाला भाड्यानं नेलेल्या देगीचा निरोप आला न्हाई, म्हणून ती दुसऱ्याला कबूल करत्यात का कुणी? आदी माणूस धाडून बघत्यात, चुलीवर हाय का पालथी पडलीया.

— तरन्नुमचं रक्त थांबेना, दादी. आणि मी…

— रडू नगंस! खाट वढून घे माघारी. हाय न्हवं तुज्या हातात?

— आहे. एक बटण.

— मग दाब!

— तिथं शिराळ्याची बाई आलीय. तिचंही रक्त जातंय. आत्ताच स्ट्रेचरवरनं खाटेवर घेतली.

— …घेतली?

— घेतली.

(दादी भिंतीला टेकून खाली बसते.)

— चढलेली देग शिजंपतुर उतरवायची न्हाई. माज्या सासूनं कवा उतरवली न्हाई. या अल्ला.

— दादी! फोन आला रेंजमधी! घाट उतरले. जुनीच खूण दाखवून विचारतोय, माझी खाट?

— खरं सांग तिला. दुसरी कुठं हाय?

— साताऱ्यात एक. उंब्रजवरनं गाडी वळवली तर… पण लांब पडतंय, दादी.

— घे तिच्या नावावर.

— घेतली. फोन गप्प झाला तर किती वेळ राखू, सर्व्हर विचारतोय.

— ती पोचंपतुर.