बिनरंगाची बुंदी

आता बोला, पोरीच्या लग्नात बुंदीला रंग टाकला न्हाई म्हणून माझी नियत खोटी? तुम्हाला सांगतो, मस्तगडात किराणा विकता विकता मला प्रत्येक पुड्याची मागची बाजू वाचायची सवय लागली, चष्मा लावून, बारीक अक्षर... रंगाच्या डबीवर छापलेलं राहतं, चिमूटभरच टाका. अन् आमचा माऊली आचारी चिमूट म्हणतो, टाकतो मूठ, ती बी बिनछापाची सुटी पिवळी पूड, जिच्यानं लिव्हरची वाट लागती. आमच्या घरच्यांनी, दुर्गाबाईंनी, दिवाळीत तसल्याच पुडीची जिलबी केल्ती. घासू घासू साबण संपला, बोटं पिवळीच. मंग मला सांगा, जे बोटावरून जाईना ते पोटातून कसं जाईल? ठरवलं, रंग टाकणार न्हाई.

माऊली म्हणे, "शेठ, नुसत्या बेसनाची बुंदी फिकी दिसन. पाव्हणे मला शिव्या देतील." म्हटलं, मला देतील, तू तळ. रंग टाकणार न्हाई.

पंगत बसली. आष्टीचे व्याही, नाव कारभारी, ताटाकडं बघून राह्यले, बघून राह्यले... अन् हात मागं. "शेठ, आमच्याकडं तेराव्याला बी बुंदी पिवळी राहती. एवढी पोरगी दिली, अन् रंगाचा खर्चा जड झाला?" व्याही जेवीना, मंग वऱ्हाड कसं जेवील? सगळी पंगत हात मांडीवर ठेवून. दुर्गाबाई माझ्या कानाशी, "अहो, माघार घ्या की, लेकीला तिथं जन्म काढायचाय." म्हटलं, बिलकुल न्हाई. रंग टाकणार न्हाई.

तेवढ्यात नवरी, आमची दैवशाला, शालू सावरत आली अन् सासऱ्यासमोर बसली. "मामा, आमच्या वडलांचा हात रंगाला आखडतो, तुपाला न्हाई. एक घास घ्या, न्हाई आवडला तर मला बोला."

घेतला की हो घास. मंग दुसऱ्यांदा वाढा, तिसऱ्यांदा वाढा... पंगत सुरू. हात धुता धुता व्याही म्हणतात कसे, "चव बराबर आहे. पण शेठ, पूजेचं जेवण आमच्याकडं. तिथं आमची बुंदी खायची."

गेल्तो परवा. बुंदी अशी केशरी, की अंधारात वाट दिसावी. वाढायला दैवशाला, अन् अख्खी आष्टी माझ्या हाताकडं बघून राह्यली. आता काय करता? रंग टाकणार न्हाई म्हटल्तं मी, खाणार न्हाई असं कुठं म्हटल्तं... दोनदा घेतली. जीभ अजून केशरी आहे.