सहा पोकळ खांब

सेत्तीमिया : हात लावू नकोस त्याला, अजून ओला आहे. नाक घसरेल.

तुल्यो : आई, मी ह्या प्लास्टरच्या नीरोच्या नाकासाठी आलेलो नाही. कागद बघितलास का?

सेत्तीमिया : बघितला. पांढरा आहे. मला धड वाचता येत असतं तर जन्मभर प्लास्टर कालवलं असतं का? तूच वाच. तुला शिकवलं ते ह्याचसाठी असणार.

तुल्यो : चारच ओळी आहेत. कारखाना तुझ्या नावावर, म्हणून सही तुझी लागते. ऐक. ‘रेमो आमच्याकडे तीस वर्षं साचे भरण्याचं काम करत होता. त्याला कामावर दारू पिण्याची सवय होती. सभेच्या व्यासपीठासाठी दिलेल्या पोकळ खांबांवर आम्ही नेहमीची खूण केली होती. त्याने ती न बघता खांबाला शिडी लावली.’ झालं.

सेत्तीमिया : झालं? रेमो पंधरा दिवसांपूर्वी मेला, तो काय कमी झाला? आता त्याच्या नावावर दारू ओतायची? दुपारच्या जेवणाला अर्धा पेला वाईन, त्यातही पाणी, आणि ओतणारी मी. दारुडा म्हणे!

तुल्यो : मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?

सेत्तीमिया : त्याला नाही पडत. निव्हेसला पडतो. नवऱ्याला पुरून आलेली बाई, उद्या टेस्टाचोच्या बाजारात भाजी घ्यायला उभी राहील तेव्हा लोक मागे काय बोलतील?

तुल्यो : रविवारी मतदान आहे, आई. हे प्रकरण तोवर मिटलं नाही तर विरोधक साहेबांना फाडून खातील.

सेत्तीमिया : कोण साहेब? तो व्हान्नी तास्को? दोन वर्षांपूर्वी सोनेरी कोट घालून टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत कोवळ्या पोरींना रडवत होता, तो? आता रोम चालवणार!

तुल्यो : लोकांना आवडतो तो.

सेत्तीमिया : हासुद्धा आवडायचा. हाच, ज्याचं नाक ओलं आहे. नेपल्सला गात होता आणि धरणी हलली. नाटकघर थरथरलं, हा गातच राहिला. ह्याचं गाणं चालू असताना कुणी उठायचं नाही, दारं बंद. म्हणतात, माणसं मेल्याचं सोंग घ्यायची, निदान उचलून तरी बाहेर नेतील म्हणून. तुझ्या साहेबाच्या सभेत रेमोला सोंगही घ्यावं लागलं नाही.

तुल्यो : त्यांना दिसलं नाही. डोळ्यांवर दिवे होते.

सेत्तीमिया : मला नको शिकवूस. मी इथे बसून टीव्हीवर बघत होते. मागचा दिवा गेला, त्याने गाता गाताच बोट केलं, लावा म्हणून. खांब उभे करायला गेलेल्या रेमोने खांबाला शिडी टेकवली. खांब फुटला, माणूस खाली आला. साहेबाने मान वळवली, बघितलं आणि पुढचं कडवं घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं खेळाचाच भाग. नीरोला टाळ्यांसाठी पाच हजार पोरं पदरी ठेवावी लागली होती. ह्याला टाळ्या फुकट मिळाल्या.

तुल्यो : दर वेळी ही सम्राटांची डोकी कशाला मध्ये आणतेस? ते वेडे होते. घोड्याला मोठा हुद्दा द्यायला निघाले होते. हा मतं मागतो, हात जोडतो.

सेत्तीमिया : कालिगुलाच्या घोड्याला काही बोलू नकोस. त्याला संगमरवरी तबेला मिळाला, हस्तिदंती गव्हाण मिळाली. तुला काय मिळालं? साहेबाच्या प्रचाराचा, गळ्यात अडकवायचा बिल्ला. आणि घोड्याने कधी कुणाच्या आईकडे खोटी सही मागितली नाही.

तुल्यो : टोमणे मारून झाले असतील तर—

सेत्तीमिया : नाही झाले. तो दाढीवाला बघ, फळीवरचा. कोम्मोदुस. सम्राट असून आखाड्यात उतरायचा. एकदा शहामृगाचं मुंडकं कापून दरबारातल्या मोठ्या लोकांसमोर नाचवलं, पुढची पाळी तुमची म्हणून. त्यांना आलं हसू. हसले असते तर मान गेली असती. मग डोक्यावरच्या माळेतली पानं काढून चावत बसले. त्या संध्याकाळी तू साहेबाच्या मागे उभा होतास, तुल्यो. रेमो पडल्यावरही तुझा जबडा हलत होता.

तुल्यो : च्युइंगम होतं. मला हसू येत नव्हतं, आई.

सेत्तीमिया : ते कळलं मला. म्हणून विचारते, काय आवरत होतास?

तुल्यो : काही नाही.

सेत्तीमिया : परवा टेम्पोतून उरलेले अकरा खांब परत आले. आपण बारा दिले होते. सहांच्या आत लोखंडी पाइप, सहा नुसते गोणपाट आणि प्लास्टर. वरून सगळे सारखे, म्हणून पोकळ असेल त्याच्या बुडाशी लाल पट्टा. तुझ्या आजोबांपासूनची रीत. परत आलेल्यांत पट्टा एकालाही नाही.

तुल्यो : रंग उडाला असेल.

सेत्तीमिया : मी नखाने खरवडलं. वर पांढरा, खाली लाल. पाच खांबांना. सहावा रेमोच्या अंगाखाली गेला. बोल. मी तुझी आई आहे, पोलीस नाही.

तुल्यो : कॅमेऱ्यात दिसत होते. साहेब म्हणाले, संगमरवरी खांबांना लाल मोजे कुणी घातले? सगळे हसले. मीसुद्धा. मग मीच ब्रश घेतला. रेमो जेवायला गेला होता. आल्यावर सांगणार होतो, तेवढ्यात फोन वाजला, मग साहेबांची गाडी आली, मग माणसं... राहून गेलं.

सेत्तीमिया : शिडी टेकवण्याआधी तो वाकला असेल.

तुल्यो : आई, नको.

सेत्तीमिया : वाकला असेल. तीस वर्षं वाकत होता. पट्टा नाही, म्हणजे आत पाइप आहे. आपल्या घराच्या शब्दावर चढला तो.

तुल्यो : तू सही नाही केलीस तर मी आत जाईन. मी, तुझा एकुलता एक.

सेत्तीमिया : जाशील.

तुल्यो : आणि तो तरीही निवडून येईल.

सेत्तीमिया : येईल. मग एक दिवस पडेल, दुसरा येईल. जुने कारागीर पडलेल्या सम्राटाचं डोकं फेकत नसत. नाक तासायचे, गाल घासायचे, त्यातूनच नवा काढायचे. कान तेवढे पहिल्याचे राहून जायचे. नीट बघितलं की ओळखू येतं. तू त्या कानांसारखाच राहशील, आधी ह्याच्या डोक्याला, मग त्याच्या.

तुल्यो : मी टीव्हीवर दिसलो की तुलाही आवडायचं.

सेत्तीमिया : आवडायचं. खाटकापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना सांगत फिरले, माझा तुल्यो बघा, साहेबांच्या उजव्या हाताला. खांबांचं काम तुझ्या त्या दिमाखासाठीच घेतलं. रेमो नको म्हणत होता. मी त्याचं तोंड बंद केलं. ते माझ्याकडे राहील, मरेपर्यंत.

(दार ढकलून रेमोची बायको निव्हेस आत येते.)

निव्हेस : काकू, त्याचा एप्रन इथेच आहे का? घरी नाही सापडत. अरे, तुल्यो, तूही आहेस. बरं झालं.

सेत्तीमिया : खुंटीवर आहे. धुतला नाही मी.

निव्हेस : नका धुऊ. काकू, आज चौकशीवाल्या माणसाने विचारलं, नवरा कामावर प्यायचा का? कुणीतरी तसं सांगितलंय म्हणे. तुम्ही रोज जेवायला वाढलंत त्याला. तुम्ही येऊन सांगाल का?

सेत्तीमिया : तुल्यो सांगेल. तुल्यो, तो कागद हिला वाचून दाखव.

तुल्यो : आई...

सेत्तीमिया : मला वाचून दाखवताना जीभ अडखळली नाही.

निव्हेस : कसला कागद?

तुल्यो : निव्हेस... तो प्यायला नव्हता. पोकळ खांबांचे लाल पट्टे मी पांढरे केले होते. त्याला सांगायचं राहून गेलं.

निव्हेस : राहून गेलं.

तुल्यो : हो.

निव्हेस : त्याच्या फोटोसमोर मी पंधरा दिवस मेणबत्ती लावली नाही. भांडत होते त्याच्याशी. एवढ्या वर्षांचा कारागीर, एकदा वाकून बघता आलं नाही का, म्हणून.

सेत्तीमिया : बस, पोरी.

निव्हेस : नाही बसत. हे तू चौकशीवाल्यांसमोर बोलशील, तुल्यो?

तुल्यो : ...बोलेन.

सेत्तीमिया : रविवारनंतर नाही. आत्ता. आणि तो फोन इथे ठेव. वाजू दे.

निव्हेस : मी येते बरोबर. मला ते सगळं पुन्हा ऐकायचंय.

सेत्तीमिया : जाकीट घे, तुल्यो. तिथे किती वेळ बसवून ठेवतील, सांगता येत नाही.