नवऱ्याची सही

...आता मला सांगा, कुलूप-कड्या विकणाऱ्या माणसाला परराष्ट्र धोरणाच्या बैठकीला बोलवायचं काही कारण? पण बोलावलं, कारण आमची ही पाच वर्षं परदेशात, अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीची शुश्रूषा करते. माझी तक्रार नाही हं. घर शांत असतं, इतकं शांत की फ्रिज घरघरला तरी मी "काय गं?" म्हणतो.

तर अधिकारी बाई म्हणाल्या, "आजवर देशादेशांचे करार व्हायचे मालाचे नाहीतर सैन्याचे. आता ते बायकांच्या नजरेतून तपासायचेत. कामासाठी देश सोडणाऱ्या बायकांचं कुठे अडतं, ते आधी." मी मान डोलावली, गिऱ्हाइकांपुढे मान डोलावण्यातच जन्म गेलाय. मग बाईंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "दर दोन वर्षांनी नवऱ्याची संमतीची सही लागते, दोघांनी कचेरीत समोर उभं राहून. हा नियम काढायचा का? तुम्हीच सांगा, इथे नवरे तुम्ही एकटेच."

तुम्हाला सांगतो, ही सुट्टी म्हणून कधी येत नाही. म्हातारीला सोडवत नाही. येते ती त्या सहीला! बारा दिवस राहते, आल्या आल्या डबे हुंगते, "हे काय खाता हो तुम्ही?" म्हणून फैलावर घेते, आणि मी बारा दिवस दुकानाचं शटर उघडत नाही... म्हणजे नियम गेला की बारा दिवस गेले, एवढं मलाही कळतं. "राहू द्या" अगदी जिभेवर आलं होतं. पण मागच्या खेपेचा तो कारकून आठवला. हिच्याकडे न बघताच मला विचारतो, "काय शेठ, सोडायची ना हिला?" जशी काही दावणीची गाय! आणि तिकडे डॉक्टरांनाही दटावणारी ही, पर्स छातीशी धरून माझ्या 'हो'ची वाट बघत उभी.

म्हटलं, "काढा."

टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "असे नवरे घरोघरी हवेत." मनात म्हटलं, घरी आहेतच की, एकटेच आहेत... पण माझी तक्रार नाही.

संध्याकाळी हिला फोन लावला, सगळं सांगितलं. म्हणाली, "अहो, फार बरं केलंत. म्हातारीला माझ्याशिवाय घास उतरत नाही आताशा. चला, आता यायचं कारणच उरलं नाही."

मी म्हटलं, "तेच ना... उगीच तुला हेलपाटा."