ती ओळ माझी नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्राचार्य बाई, जाहिरात विभागाचे प्रमुख, व्यासपीठावरचे आणि व्यासपीठाखालचे मान्यवर, पालकहो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मला विषय दिला आहे ‘स्वतःचा ब्रँड आणि पहिली नोकरी’. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आहे. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं. थेट मुद्द्यावर येते.

मी एका जाहिरात संस्थेत लेखन विभाग सांभाळते. गेल्या आठवड्यात आमच्याकडे मुलाखती झाल्या. लेखकाची जागा होती, एकच. आलेल्यांत तुमच्या वर्गातले चौघं होते. घाबरू नका, मी कोणाकडे बोट दाखवणार नाही. मात्र उजवीकडची एक रांग आत्ता एकाएकी गप्प झाली, हे मला इथून दिसतंय.

तुम्हाला सांगितलं गेलं की नोकरी शोधण्याआधी स्वतःचा ब्रँड तयार करा. तुम्ही केलात. पहिल्या उमेदवारानं स्वतःच्या नावाचं बोधचिन्ह आणलं होतं आणि कार्ड इतकं जाड की खिशातून काढताना त्याला दुसरा हात लावावा लागला. त्याच्या वेबसाइटवर लिहिलं होतं, ‘मी गोष्टी सांगतो.’ दुसरीच्या वेबसाइटवर होतं, ‘मी गोष्टी सांगते.’ तिसऱ्यानं जरा पुढचं पाऊल टाकलं होतं. ‘गोष्टी सांगणं हा माझा श्वास आहे.’ आमच्या कला विभागाचे प्रमुख शेजारी बसले होते. ते माझ्या कानात म्हणाले, “खिडकी उघडू का?”

मग पहिल्याचा पोर्टफोलिओ उघडला. तुमच्या सरांनी वर्गात पाच-पाच जणांचे गट करून जाहिराती करायला दिल्या होत्या. त्याच्या गटाला श्रवणयंत्र आलं होतं. जाहिरातीत जेवणाचं टेबल, नात आजोबांकडे झुकून काहीतरी सांगते आहे, आणि खाली एकच ओळ. ‘आता हळू बोललात तरी चालेल.’

मी खुर्चीत सरळ बसले. इतकी वर्षं ओळी वाचून माझं मन निबर झालं आहे, पण ही आत गेली.

“ओळ कोणाची?” मी विचारलं.

“माझी, मॅडम. बसमध्ये सुचली.”

दुसरी आली. तेच टेबल, तीच नात. “माझी. आंघोळ करताना सुचली.”

तिसरा आला. “माझीच. आजोबांशी बोलताना.”

“आजोबांना कमी ऐकू येतं का?”

“नाही मॅडम. त्या दिवशी त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.”

हसा. आम्हीही हसलो, तो खोलीबाहेर गेल्यावर. पण मी या तिघांना खोटारडं म्हणणार नाही. आमच्या धंद्यात असंच होतं. पाच डोकी एका टेबलाभोवती बसतात, कोणी अर्धं वाक्य टाकतं, कोणी हुंकार देतं, आणि महिन्याभरात प्रत्येकाला आठवतं की ते आपणच म्हणालो होतो. फक्त एकच सांगते. एका गटातले तिघं एकाच सकाळी एकाच दाराशी जाणार असतील, तर निदान जिन्यात तरी एकमेकांशी बोला.

चौथी मुलगी आली. हिच्याकडे कार्ड नव्हतं. जाहिरात तीच. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, “ही ओळ माझी नाही.”

“मग यात तुझं काय?”

“आधी चित्रात आजोबांचा कान होता, यंत्रासकट. मी म्हटलं, कान काढा, नात आणा.”

“पण जागा लेखकाची आहे.”

“माहीत आहे. कलेची जागा निघालीच नाही कुठे. म्हटलं, आत तर शिरू.”

“आणि ओळ स्वतःची म्हणाली असतीस तर शिरलीही असतीस.”

“शिरले असते हो. पण पहिल्याच सोमवारी तुम्ही दुसरी मागितली असतीत. ती मी कुठून आणू?”

पालकांना विचारते, या उत्तराला तुम्ही काय म्हणाल? प्रामाणिकपणा म्हणाल. मी व्यवहारज्ञान म्हणते. आपलं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे या मुलीला ठाऊक होतं. तुम्ही ज्याला ब्रँड म्हणता तो याहून फार मोठा नसतो.

“म्हणजे ओळ गटातल्या पाचव्याची. तो का आला नाही?” मी विचारलं.

“त्याची वेबसाइट झालेली नाही.”

“म्हणजे?”

“‘माझ्याविषयी’ हे पान अडलंय. श्रवणयंत्रावर त्यानं एका दुपारी लिहिलं. स्वतःवर सत्र संपलं तरी लिहितोच आहे. फोन केला की म्हणतो, पान झालं की जातो.”

“तूच सांग त्याच्याविषयी.”

ती म्हणाली, “तो सगळ्यात शेवटी बोलतो. तो बोलला की आम्ही फळा पुसतो. आणि चहा सांगायला त्याला पाठवू नका, आधी कोणता ते ठरवत बसेल.”

झालं की पान! ज्याच्यावर तो महिनोन्‌महिने अडला होता, ते तिनं उभ्या उभ्या करून दिलं. म्हणून माझा सल्ला एवढाच आहे. स्वतःविषयी स्वतः लिहू नका. ज्याच्यासोबत भांडून काम केलंत, त्याला लिहायला सांगा, आणि त्याचं तुम्ही लिहा.

मी आमच्या मालकांकडे गेले. म्हटलं, मला दोघं हवीत. आमच्याकडे काम जोडीनंच चालतं, एक लिहिणारा आणि एक मांडणारा. ते म्हणाले, “जागा एक आहे.” मी म्हटलं, मग जोडीला एक जागा समजा. खूप वाद झाला, तो इथे सांगण्यासारखा नाही. शेवटी म्हणाले, “बरं. दोघं आली तर दोघांना घेतो. ती एकटी नको, तिला लिहिता येत नाही असं तीच म्हणते. आणि जो मुलगा आलाच नाही, तो आहे तरी का?”

तर आज परिस्थिती अशी आहे. त्या मुलीची नोकरी एका मुलाच्या न झालेल्या पानावर अडली आहे. परवा ती जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली जाईल. हे बोलायला मी तिची परवानगी घेतली. त्याची नाही घेतली. मागितली असती तर तो अजून विचार करत बसला असता.

तो या सभागृहात आहे, असं मला सांगण्यात आलंय. मी नाव घेणार नाही. ज्याचं पान झालेलं नाही, त्यानं उभं राहावं.

अहो, एवढे नाही! बसा, बसा. सर, तुमचा अख्खा वर्ग उभा राहिला.

श्रवणयंत्रवाला तेवढा उभा राहू दे. हां, तू. नमस्कार. उद्या सकाळी दहा वाजता ये, हिला घेऊन. वेबसाइट नको, कार्ड नको, बोधचिन्ह नको. येतोस?

काय म्हणालास? “आधी एकदा बघून...” काय बघून? तिच्याकडे बघ. ती तिकडे उभी आहे आणि तिची नजर तुझ्यावरून हललेली नाही.

येतोस? मोठ्यानं सांग, अध्यक्षांनाही कळू दे.

“येतो.”

छान. अध्यक्ष महोदय, तुम्ही साक्षीदार.

तुम्ही मला बोलावलंत आणि घड्याळाकडे बोट न दाखवता बोलू दिलंत, याबद्दल संस्थेची, शिक्षकांची आणि तुम्हा सगळ्यांची मी आभारी आहे. बोलण्यात कोणाला बोचलं असेल तर मनावर घेऊ नका. त्या तिघांनी तर मुळीच घेऊ नये. तुम्हालाही नोकऱ्या मिळतील. फक्त आज घरी गेल्यावर पोर्टफोलिओ उघडा आणि त्या जाहिरातीखाली पाचही जणांची नावं लिहा. ओळीपुढे त्याचं.