कॅचरने स्वतः केलेली सही

विंटर टायर बसवून घ्यायला आलेली उल्का कॅनडातल्या मिसिसागाच्या गॅरेजात वाट बघत होती. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण समोरच्या वसईकडच्या वयस्क जोडप्याचं मराठी कानावर पडलं आणि तिने फोन बाजूला ठेवला.

"अडतीस वर्षांच्या कॅचरला ट्रेड करून दुसऱ्या टीमला देऊन टाकलं, कॉन्स्टन्स! बारा वर्षं गुडघे झिजवले त्याने या टीमसाठी."

"त्याच्या सहीशिवाय करताच येत नव्हतं, रॉड्नी. काँट्रॅक्टमध्येच होतं तसं."

"मग सही केली कशाला?"

"नवा कॅचर दोन सीझन बेंचवर बसून होता ना, म्हणून. जाण्याआधी आठवडाभर बॉल टाकणाऱ्या एकेका पिचरची खोड समजावली त्याला."

"काय माणूस आहे!"

"आहेच मुळी."

"मॅडम, युअर कार इज रेडी," मेकॅनिकने येऊन सांगितलं. उल्का हलली नाही.

"आपल्या चर्चच्या, पॅरिशच्या बेसबॉल टीमचा मी कोच किती वर्षं गं?"

"एकोणीस."

"आणि प्रेस्टन असिस्टंट?"

"अकरा."

रॉड्नीने फोन लावला. "प्रेस्टन, बाबा, येत्या सीझनला कोच तू हो... नाही रे, तब्येत ठणठणीत आहे... येणार तर मॅचला! कॉन्स्टन्सच्या शेजारी बसेन."

"तोंड मिटून बसायचं हं," कॉन्स्टन्स म्हणाली आणि त्याचा मफलर नीट करू लागली.